उमेदवारी : एका शब्दाचा आणि एका वाटेचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एक माजी विद्यार्थी भेटायला आला. बारावीला मी त्याला मराठी शिकवले होते. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे परिसरातल्या ज्या दहा वस्त्या उठल्या, त्यांपैकी एका वस्तीतले त्याचे घर. बारावीनंतर त्याने आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला होता. त्याच्या मोबाइलवर इंग्रजीतला एक करारनामा होता. एका कारखान्यात वर्षभराच्या अप्रेंटिसशिपचा. दुसरीकडे एका गोदामात कंत्राटदाराकडचे काम तयार होते, आणि तिथे मिळणारी रक्कम कारखान्याच्या विद्यावेतनापेक्षा महिना चार-पाच हजारांनी अधिक होती. घरी नव्या घराचे हप्ते चालू होते. करारातले एक वाक्य बोटाने मोठे करून त्याने मला विचारले, "सर, यात लिहिलंय की मी वर्कर नाही. कॉलेजात तर मी आता नाहीच. मग मी नक्की कोण?"

मी मराठीचा अध्यापक. मला सुचले ते शब्दाचे उत्तर. "शिकाऊ उमेदवार," मी म्हणालो. त्याने मान हलवली, चहा घेतला आणि विचार करून सांगतो म्हणून गेला. तो गेल्यावर माझ्या लक्षात आले की, त्याने विचारला होता तो प्रश्न मी कोशात ढकलून दिला होता. परंतु कधी कधी कोशातला शब्दच माणसाला इतिहासात नेऊन सोडतो. 'उमेदवार' हा असाच एक शब्द आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशीच्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे, असे समजावे.

'उमेद' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) हा शब्द आहेच. पण अँग्लो-इंडियन शब्दांचा संग्रह करणाऱ्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशालाही त्याची दखल घ्यावी लागली. कचेरीच्या ओटीवर नेमणुकीची वाट पाहत बसलेली माणसे एकोणिसाव्या शतकातल्या साहेबाला रोजच दिसत असणार. पगार नाही, हुद्दा नाही. कारकुनाच्या शेजारी बसून कागद नकलून द्यायचे, जागा रिकामी झाली की आपला नंबर लागेल या आशेवर. या अवस्थेला मराठीने 'उमेदवारी करणे' म्हटले. आज निवडणुकीला उभा राहणारा तोही उमेदवार, मुलाखतीला बसणारा तोही उमेदवार, आणि कारखान्यात लेथशेजारी उभा राहून शिकणारा मुलगाही उमेदवारच.

शिकणाऱ्याला मराठीत दुसरे शब्द नव्हते असे नाही. 'शागीर्द' होता, तोही फारसीच. त्याचा जोडीदार 'वस्ताद' तालमीत, तमाशात आणि कारागिरांच्या बोलण्यात चांगला रुळलेला होता. साधा 'शिकाऊ' होता. शागीर्द म्हटले की समोर गुरू दिसतो. शिकाऊ म्हटले की विद्या दिसते. उमेदवार म्हटले की एक दार दिसते, आणि त्या दाराबाहेर उभा असलेला माणूस. सरकारी मराठीने 'अप्रेंटिस'ला प्रतिशब्द ठरवला तो 'शिकाऊ उमेदवार' असा जोडशब्द. त्यातल्या पहिल्या पदात एक वचन आहे : तुला शिकवले जाईल. दुसऱ्या पदात दुसरे वचन आहे, निदान त्याची आशा आहे : तुला ठेवून घेतले जाईल. आपल्याकडच्या हस्तकौशल्याच्या शिक्षणाचा इतिहास हा या दोन वचनांच्या जुळण्याचा आणि तुटण्याचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

गावगाड्यात ही दोन वचने वेगळी नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था दिसते, तीत सुताराचा मुलगा सुताराच्या हाताखाली, लोहाराचा मुलगा भात्यापाशी वाढत होता. शिकणे आणि जगणे एकाच अंगणात. करारनाम्याची गरज नव्हती, कारण बाप हाच वस्ताद, आणि शिकून झाल्यावर बलुते ठरलेलेच. हे वर्णन वाचताना हळवे होण्याचा मोह टाळला पाहिजे. जिथे काम जन्माने पक्के होते, तिथे तेच काम जन्मानेच बंदही होते. कुंभाराच्या मुलाला लोहार होण्याची उमेद धरता येत नव्हती, आणि ज्यांच्या वाट्याला मेलेली ढोरे ओढणे आले त्यांना तर कोणतीच उमेद परवडणारी नव्हती. शिकवण्याचे वचन पक्के, ठेवून घेण्याचेही पक्के. फक्त ते कोणाला द्यायचे हे आधीच ठरलेले.

मुंबई बंदरात ही घराण्याची रीत अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते. सुरतेचे सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये मुंबईला आणले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे मुंबई गोदीतले मुख्य जहाजबांधणीकार याच घराण्यातले होते. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या संग्रहालयात तरंगते आहे. या घराण्याची विद्या पुस्तकात नव्हती, हातात होती. मुलगा वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली वाशी चालवत वर चढत असे.

परंतु वाफेचे इंजिन आले आणि घराण्यातल्या हातांना जे ठाऊक नव्हते ते जगाला हवे झाले. १८३८ मध्ये याच कुळातले जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे चुलतभाऊ इंग्लंडला गेले आणि चॅटमच्या सरकारी गोदीत जहाजबांधणी शिकले. अडीच वर्षांच्या त्या वास्तव्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८४१ मध्ये लंडनला छापले गेले. एका शतकाची परंपरा पाठीशी असलेल्या घराण्यातले हे तरुण परक्या गोदीत पुन्हा शिकाऊ झाले, ही गोष्ट मला त्या घराण्याच्या जहाजांइतकीच मोठी वाटते. कौशल्य जुने होते. ते पुन्हा शिकावे लागते. आणि ज्याच्यामागे पैसा व ओळख आहे त्याला ते पुन्हा शिकणे परवडते. हा शेवटचा भाग पुढे नवी मुंबईत आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

ज्यांच्यामागे घराणे नव्हते, त्यांच्यासाठी कायदा आला तो १८५० मध्ये. त्या वर्षाचा एकोणिसावा कायदा अप्रेंटिसांविषयीचा होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना एखादा धंदा शिकण्यासाठी मालकाशी करारबद्ध करून देता यावे, विशेषतः धर्मादायावर वाढलेल्या अनाथ आणि गरीब मुलांना, हा त्याचा हेतू होता. कराराची मुदत सात वर्षांपलीकडे नसावी आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाल्यावर ती चालू राहू नये. मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंतच. अनाथ मुलाच्या वतीने मॅजिस्ट्रेट पालकाची भूमिका घेई. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली मुंबईतली औद्योगिक सुधारशाळा याच विचारविश्वातली : गुन्ह्याकडे वळलेल्या मुलाला धंदा शिकवा म्हणजे तो मार्गाला लागेल.

या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. धंदा शिकण्याचा संबंध बापापासून तोडून कागदाशी जोडला. ज्याला बाप नाही त्यालाही वस्ताद मिळू शकतो, हे तत्त्व म्हणून प्रथमच मांडले गेले. परंतु त्याच कायद्याने हस्तकौशल्याच्या शिक्षणावर एक शिक्काही मारला, आणि तो अजून पुरता पुसलेला नाही. ज्याचे कोणी नाही त्याने हाताचे काम शिकावे. ज्याचे कोणी आहे त्याने शाळेत जावे. आज दहावीला कमी गुण मिळालेल्या मुलाला 'मग आयटीआय बघ' असे सांगणाऱ्या आपणा शिक्षकांच्या तोंडून तो शिक्काच बोलत असतो, याची जाणीव मला फार उशिरा झाली.

याच सुमारास, मुंबईतच, कायद्याच्या बाहेर एक उमेदवारी चालू होती, आणि मराठी वाचकावर तिचे ऋण आहे. १८३९ साली जन्मलेला जावजी दादाजी नावाचा एक गरीब घरातला मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. काम होते टाइप घासण्याचे. आधी पोलादी ठशावर अक्षर कोरायचे, त्या ठशाने तांब्यात मातृका उठवायची, मातृकेवर वितळलेला मिश्रधातू ओतायचा, आणि बाहेर आलेला खिळा चारी बाजूंनी घासून असा गुळगुळीत करायचा की शेजारच्या खिळ्याला तो चिकटून उभा राहावा. घासणे हे त्यातले सर्वांत खालचे काम. पण देवनागरीत जोडाक्षरे, काने-मात्रे, वेलांट्या धरून खिळ्यांचे शेकडो प्रकार. हे काम करणाऱ्या मुलाच्या बोटांखालून सगळी लिपी जाते. छापखान्याच्या टाइपविभागाचे प्रमुख टॉमस ग्रॅहॅम हे देवनागरी टाइपातले जाणकार होते. त्यांच्या देखरेखीखाली हा मुलगा घासण्यापासून ओतण्यापर्यंत आणि ओतण्यापासून पारखण्यापर्यंत चढत गेला. पुढे इतर छापखान्यांत अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू हे त्यांचे सहकारी. निर्णयसागरची 'काव्यमाला' आणि संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या अभ्यासकांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानल्या. जावजी १८९२ मध्ये वारले.

आम्ही मराठीचे अध्यापक निर्णयसागरच्या आवृत्तीचा उल्लेख करतो तेव्हा तिच्या संपादकाचे नाव घेतो. टाइप घासणाऱ्या मुलाचे नाव क्वचितच घेतो. वास्तविक जावजींची कथा ही उमेदवारीच्या सर्वोत्तम शक्यतेची कथा आहे. खालच्या कामातही संपूर्ण धंद्याचा नकाशा दिसला पाहिजे. शिकवणारा स्वतः जाणकार हवा. आणि शिकून झाल्यावर जाण्यासाठी जागा हव्यात. जावजींना या तिन्ही गोष्टी मिळाल्या, कारण मराठी मुद्रण तेव्हा वाढत होते. धंदा वाढत असतो तेव्हा ठेवून घेण्याचे वचन कोणी दिले नाही तरी चालते.

गिरण्यांतले चित्र याहून वेगळे. तिथे शिकण्याला करारही नव्हता आणि शाळाही नव्हती. कोकणातून, घाटावरून आलेला तरुण आपल्या गाववाल्याच्या साच्याशेजारी उभा राहून काम उचलत असे आणि जॉबरच्या मर्जीने 'बदली' म्हणून लागत असे. 'बदली' हा शब्दही नीट पाहावा. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी. नाहीतर दारावरून परत. उमेदवारीतली उमेद काढून घेतली की मागे उरते ती बदली. १८८७ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने (आजचे वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थान, म्हणजे व्हीजेटीआय) यंत्रविद्येचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत आणले खरे, पण साच्यावर उभ्या असलेल्या लाखोंपर्यंत ते पोचणे शक्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने हा प्रश्न हातात घेतला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये संसदेने अप्रेंटिसेस ॲक्ट, म्हणजे शिकाऊ उमेदवार कायदा केला. त्याने १८५० चा कायदा मोडीत काढला, आणि १ मार्च १९६२ पासून तो अमलात येऊ लागला. जुना कायदा मालकाला परवानगी देणारा होता. नवा बंधन घालणारा. कारखान्याने ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे, पात्र माणसाच्या देखरेखीखाली शिकवले पाहिजे, आणि अखेरीस परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीने पालक करारावर सही करी. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातही शिकाऊ उमेदवारीला स्थान मिळाले.

या व्यवस्थेने आपल्या भाषेलाही काही शब्द दिले. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, इलेक्ट्रिशियनला वीजतंत्री, वायरमनला तारतंत्री. कारखान्यात हे शब्द कोणी वापरत नाही, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतच ते भेटतात, म्हणून आपण त्यांची थट्टा करतो. पण 'कातारी' पाहा. लाकूड कातणारी कातारी ही महाराष्ट्रातली एक जात. तिचे नाव सरकारने एका अभ्यासक्रमाला दिले आणि त्याचे दार कोणत्याही जातीच्या मुलाला उघडले. जातीचे नाव धंद्याचे झाले आणि धंदा सर्वांचा झाला. कागदावर का होईना, गावगाड्याचे कुलूप उघडले ते इथे. प्रत्यक्षात कारखान्याच्या फाटकातून जात आत येत नव्हती असे मात्र नाही. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा रेल्वेतल्या नोकरीच्याच पार्श्वभूमीवर घडते, हे वाचकांना आठवत असेल.

आता खाडी ओलांडून अलीकडे येऊ. मुंबई बंदराच्या पश्चिम काठावर गोद्या आणि गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा पूर्व काठावर भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलसारखे पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने आले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले.

या गावांतल्या आगरी-कोळी माणसांना कौशल्य नव्हते, असे सरकारी भाषेत वारंवार म्हटले गेले. हे म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे. खाडीचे पाणी अडवणारा बांध घालणे, भरती-ओहोटी पाहून उघाडी उघडणे-मिटणे, मिठागराचा तळ तुडवून घट्ट करणे, पाणी एका कुंडातून दुसऱ्यात फिरवत नेमक्या दिवशी मीठ उचलणे, जाळे विणणे, होडी डागडुजी करणे ही सारी शिकूनच येणारी कामे होती आणि त्यांची उमेदवारी लहानपणीच सुरू होत होती. फरक इतकाच की कायद्याने ठरवलेल्या धंद्यांच्या यादीत यांतल्या कशालाही नाव नव्हते. यादीत होते फिटर, वेल्डर आणि या पट्ट्याच्या खास गरजेचे 'अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट' : ज्याला आमच्याकडे सगळे नुसते 'एओसीपी' म्हणतात. जमीन गेली तेव्हा पिकाची किंमत ठरवता आली. त्या जमिनीवर शिकलेल्या विद्येची किंमत ठरवण्याचे कोष्टक कोणाकडेच नव्हते. चॅटमला गेलेल्या दोन चुलतभावांप्रमाणे या माणसांनाही पुन्हा शिकाऊ व्हावे लागणार होते, पण पाठीशी घराण्याची पुंजी नसताना, आणि बहुतेकांना चाळिशी गाठल्यावर.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच माणसे गेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले आणि देशभर त्याची चर्चा झाली. भूखंडाला सातबारा असतो, म्हणून तो मोजून मागता आला. रोजगाराची मागणीही तितकीच जुनी आहे, पण ती मोजायची कशी, हा घोळ राहिला. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. दर वेळी गावांनी नोकऱ्या मागितल्या. दर वेळी उत्तर मिळाले : आधी प्रशिक्षण घ्या.

प्रशिक्षण घ्यावे, यात वाद नाही. वाद आहे तो पुढे काय, हा. १९६१ च्या कायद्याचे अठरावे कलम सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या बोटाखाली होते ते वाक्य या कलमाचेच. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मात्र आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांबाबत कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. आणि बाविसावे कलम मुळात असे होते की, प्रशिक्षण पुरे झाल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि ती घेण्याचे त्याच्यावरही नाही; करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. शब्दांच्या भाषेत बोलायचे तर कायद्याने 'शिकाऊ'ची हमी घेतली आणि 'उमेदवार' मोकळा सोडला.

हे कलम निर्दय हेतूने लिहिले गेले असे मला वाटत नाही. प्रत्येक शिकलेल्याला ठेवून घ्यावे लागले तर कारखाने कोणाला शिकवायलाच घेणार नाहीत, हा युक्तिवाद त्यामागे असावा आणि तो अगदीच पोकळ नाही. जर्मनीत ही पद्धत यशस्वी ठरली ती सक्तीच्या नोकरीमुळे नव्हे. तिथे मालकांच्या संस्था, कामगार संघटना आणि व्यवसाय-शाळा मिळून अभ्यासक्रम आणि परीक्षा चालवतात, आणि त्या प्रमाणपत्राला दुसऱ्या कोणत्याही कारखान्याच्या दारात मान असतो. आपल्याकडे ते प्रमाणपत्र आहे. दारे कमी आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच पाहा. ऐरोली-घणसोलीच्या बाजूला आज माहिती-तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. एओसीपी झालेल्या तरुणाला तिथे फार तर वातानुकूलन यंत्रणेची देखभाल किंवा फाटकावरची खुर्ची, आणि तीही कंत्राटदारामार्फत.

न्यायालयापुढे हा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, एक मधली वाट काढली. नोकरीचा हक्क नाही. पण इतर बाबी समान असतील तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावे, प्रशिक्षणाचा काळ वयोमर्यादेत सवलत म्हणून धरावा, आणि आधी शिकलेल्याला नंतर शिकलेल्याच्या वरचा मान द्यावा. २०१४ च्या दुरुस्तीने बाविसावे कलम बदलून प्रत्येक मालकाने शिकाऊ उमेदवारांच्या भरतीबाबत स्वतःचे धोरण ठरवावे असे म्हटले. त्याच दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची तुरुंगवासाची शिक्षाही काढून टाकली आणि दंडच ठेवला. २०१९ च्या नियमांत तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती आली आणि किमान विद्यावेतन पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान ठरले. आकडे वाढत गेले. दुसरे वचन होते तिथेच राहिले.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. ती शिकाऊ उमेदवार कायद्याखालची नव्हे, पण प्रश्न तोच होता. शिक्षणानुसार सहा, आठ आणि दहा हजारांचे विद्यावेतन. मुदत आधी सहा महिन्यांची, मग वाढवून अकरा. मुदत संपत आली तशी हजारो प्रशिक्षणार्थींनी कायम करा म्हणून आंदोलने केली. तुम्ही प्रशिक्षणार्थी होता, नोकर नव्हता, हे उत्तर नियमाने बरोबरच होते. पण दीडशे-दोनशे वर्षे 'उमेदवारी' या शब्दाने या समाजाला जे शिकवले, ते त्या मुलांनी खरे मानले होते. कचेरीच्या ओटीवर इमानाने बसलेल्या माणसाला आत घेतले जाते, हा आपल्याकडचा न लिहिलेला करार आहे. तो लिहिलेला नाही, म्हणून तो नाहीच असे सांगणे सोपे असते.

मग त्या मुलाला काय सांगायला हवे होते? इतिहास सल्ला देत नाही, पण कोणते प्रश्न विचारावेत ते सुचवतो. शिकवणार कोण, हा पहिला. कारण ग्रॅहॅमसारखा जाणकार नसता तर जावजी टाइप घासतच राहिले असते. वर्षभरात एकाच यंत्रावर उभे करणार की सगळा विभाग दाखवणार, हा दुसरा. कारण शिकाऊच्या नावाखाली स्वस्त मजूर वापरणे हा या पद्धतीचा सर्वांत जुना रोग आहे. मागच्या तीन वर्षांत तिथे शिकलेल्या मुलांचे काय झाले, हा तिसरा. मालकाचे धोरण काय आहे ते कागदापेक्षा त्या मुलांकडून अधिक कळते. आणि चौथा प्रश्न मुलाने विचारण्याचा नव्हे, आपण विचारण्याचा. ज्यांची जमीन घेऊन हे शहर उभे राहिले त्यांच्या नातवंडांनी अजून किती पिढ्या दाराबाहेरच शिकायचे? सार्वजनिक जमिनीवर उभ्या असलेल्या बंदराने, विमानतळाने आणि तिथल्या कंत्राटदारांनी दर वर्षी किती स्थानिक मुलांना शिकवले आणि त्यांतल्या किती जणांना ठेवून घेतले, एवढे दोन आकडे तरी दर वर्षी जाहीर करावेत. भूखंडाचा टक्का मोजता येतो, तसा हाही मोजता येईल.

दिवाळीच्या आसपास तो पुन्हा आला. त्याने करारावर सही केली होती. गोदामाचे काम धाकट्या भावाने धरले होते, हप्ते त्यावर चालले होते. मी त्याला माझे तीन प्रश्न सांगितले. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. पहिल्याचे होते. विभागात एक जुने फिटर आहेत, दोन वर्षांनी निवृत्त होतील, तो म्हणाला. पहिले तीन आठवडे त्यांनी त्याच्याकडून नुसती फाइल मारून घेतली; आयटीआयमध्ये हे सगळे झाले आहे म्हटले तर म्हणाले, तिथे मार्कांसाठी झाले. तुकडा ट्रायस्क्वेअरला लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून उजेड आला की पुन्हा घासायचा. चौथ्या आठवड्यात त्यांनी त्याला पंप खोलायला बोलावले.

हे सांगताना तो आपले हात पाहत होता. करंगळीखाली घट्टा पडला होता. तो कोण, हा प्रश्न त्याने या वेळी विचारला नाही, आणि मीही उत्तर द्यायची घाई केली नाही. वर्ष संपायला अजून आठ महिने होते.